नुसते आकडे उरले

आमचं आडनाव मी सांगणार नाही. सांगितलं आणि ते तुमचंही निघालं, तर आमच्या ह्यांचा तुम्हाला फोन येईल: आजोबांचं नाव काय, मूळ गाव कुठलं, मुली कुठे दिल्या. बँकेतून निवृत्त झाल्यापासून अनंतरावांनी, म्हणजे ह्यांनी, आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत हाती घेतलाय. एका आडनावाची सगळी घरं, सगळ्या पिढ्या एका पुस्तकात. माणसाला स्वस्थता म्हणून नाही. बसमध्ये उतरायच्या दोन स्टॉप आधी उठून दारात उभे राहणार, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅसपाशी येऊन बघणार. अशा माणसाला काम मिळालं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

पण जगभरच्या भाऊबंदांशी गोड बोलणारा हा गृहस्थ सख्ख्या भावाशी बोलत नाही. थोरले रंगनाथदादा वाघोलीला असतात. त्यांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत ह्यांचं नाव राहून गेलं. दादा म्हणाले, छापणाऱ्याची चूक. हे म्हणाले, "छापणारा मला ओळखत नाही, तू ओळखतोस." तेवढ्यावर अबोला. कुलवृत्तांतासाठी दादांच्या घरची माहिती मीच जाऊबाईंकडून, सरोजिनीवहिनींकडून आणून दिली. ह्यांनी ती मुकाट्याने टाइप केली. गेल्या वर्षी वहिनी वारल्या. मी वाघोलीला गेले. हे घरी बसून अनुक्रमणिका नीट करत राहिले. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. वहिनींनंतर दोन घरांमध्ये काही उरलं असेल, तर ते कॉम्प्युटरमधलं एवढं एक पान.

आणि कॉम्प्युटर म्हणजे नुसता रडतराऊ. आमच्या सलिलच्या बारावीनंतर घेतलेला. बटण दाबून हे अंघोळीला जायचे, पूजा उरकून यायचे, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. मग त्याच्यासमोर येरझाऱ्या. दिवाळीत घराण्याचं संमेलन, त्याआधी पुस्तक छापायला द्यायचं, आणि एक पान उघडायला ही तऱ्हा. शेवटी एका शनिवारी सलिल आला. तो हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. म्हणाला, "बाबा, सगळ्याचा बॅकअप घेतो आणि फॉरमॅट मारतो. नव्यासारखा पळेल."

फाइल्स बाहेरच्या डिस्कवर उतरत होत्या आणि हे त्याच्या खांद्यावरून डोकावून "झालं का?" विचारत होते. सलिलने सगळं दोनदा ताडून पाहिलं. एकही फाइल राहिली नव्हती. मग त्याने कॉम्प्युटर पुसला, सगळं नव्याने घातलं, फाइल्स जागच्या जागी ठेवल्या. कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. ह्यांनी खुशीत पहिली फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, उलटेसुलटे कंस. मराठीचं एक अक्षर नाही.

सलिल बराच वेळ खटपट करत बसला. मग हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही फाँट कुठला वापरत होतात?"

ते ह्यांना कुठे माहीत? एका टायपिंगवाल्याने सीडीवरून घालून दिला होता, आणि त्याचं दुकान केव्हाच बंद झालं. सलिलने मला गोम समजावली: जुन्या मराठी टायपिंगमध्ये आत सगळी इंग्रजी चिन्हंच असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. फाइल्स शाबूत राहिल्या, फाँट पुसला गेला. कागदावरही काही नव्हतं. एकदा टाइप झालं की हे मूळ कागद रद्दीत घालायचे.

"कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, ते शोधून प्रोग्रॅम लिहितो," सलिल म्हणाला. "पण थोडे दिवस लागतील. जरा धीर धरा."

धीर! मुलाला बाप अजून कळलेला नाही.

रविवारी सकाळी हे पुन्हा कॉम्प्युटरपुढे. अख्ख्या पानात वाचता येत होते ते फक्त आकडे: जन्मसाल, मृत्युसाल आणि फोन नंबर. एका घराची एक फाइल, तिला नाव म्हणजे नुसता क्रमांक, तोही माहिती जशी आली तसा. कुठलं घर कुणाचं, कळायला मार्ग नाही. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ह्यांनी मोबाइलचा स्पीकर लावला आणि पहिला नंबर फिरवला. "नमस्कार, कुलवृत्तांत समितीतर्फे बोलतोय. आमच्याकडची माहिती खराब झालीय. आपण कोण, ते सांगता का?"

बऱ्याच जणांनी फसवणुकीचा फोन समजून ठेवून दिला. एक बाई तर पोलिसांत देईन म्हणाल्या. ह्यांचा आपला पुढचा नंबर.

मी शेजारी गवार निवडत होते आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ह्या सगळ्यांत एक नंबर दादांचा होता. कुठला, ते मलाही माहीत नव्हतं; ह्यांनी तो मोबाइलमधून केव्हाच काढून टाकलेला, आणि माझं बोलणं व्हायचं ते वहिनींच्या नंबरवर. सांगावं तर हे फोन करायचेच थांबणार. न सांगावं तर उद्या मलाच बोलणार. दर रिंगला माझा हात थांबत होता. मी पुढची शेंग उचलली.

चहानंतरचा एक फोन खूप वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला. ह्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं.

"रंगनाथ," पलीकडून आवाज आला.

ह्यांचं पेन थांबलं. बोट लाल बटणाशी गेलं. ठेवलात तर याद राखा, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

"वडिलांचं नाव?" ह्यांनी विचारलं.

"वासुदेव."

"आईचं?"

"गोदावरी."

"पत्नी?"

"सरोजिनी." मग जरा थांबून, "नाही आता."

ह्यांनी काहीच लिहिलं नाही. पुढचा प्रश्न मात्र शेकडो लोकांना विचारलेलाच विचारला.

"भावंडं?"

"एक भाऊ. अनंत." दादा खाकरले. "तोच विचारतोय."

विचारायचं अजून बरंच बाकी होतं. ह्यांनी पेन खाली ठेवलं.

"दादा, जेवायचं काय करतोस?"

"डबा येतो."

"बरा असतो का?"

"अजिबात नाही."

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी केव्हाच उठून कणीक मळायला घेतली होती.