इंजिनाचा जुलाब

त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. धड जोराचा पाऊस नाही, धड उघाड नाही. कळंबच्या रस्त्यावर माणूस दिसेना, मग सवारी कुठली? आम्ही ड्रायव्हर लोक रज्जाक मिस्त्रीच्या टिनाच्या शेडात चहा पीत बसलो. अशा बैठकीत किस्से साचतात ते इंजिनातल्या काजळीसारखे. रोज थोडी थोडी बसते, अन् एक दिवस खरवडायला घेतली की हात काळे!

मला मात्र त्या दिवसांत एक घोर होता. माझी गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, चढावर खोकायची. अन् शेजारच्या काशीबाईच्या लेकीचे, सुमनचे, दिवस भरत आले होते. तिचं पहिलं लेकरू यवतमाळच्या वाटेवर बैलगाडीतच गेलं होतं. म्हणून काशीबाईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "दादा, कळा आल्या की तुमचीच गाडी. दुसऱ्या कोणाले नाही सांगत मी."

* * *

तर त्या झडीत एक माणूस शेडात शिरला. पांढरा बुशशर्ट, हातात विकायला आणलेला औषधाचा डबा.

"पेट्रोलात टाका, इंजिन आतून धुऊन निघेल. म्हातारी गाडी नवरी होईल!"

त्यानं एक काळाकुट्ट प्लग डब्यात बुडवला, फडक्यानं पुसला. चकाचक! आमची तोंडं उघडीच राहिली. आमच्यातला भीमराव ड्रायव्हर तेवढा बाहेर बघत होता.

"साहेब, तुम्ही आले कशानं?"

"बैलगाडीनं."

"काहून? मोटार नाही तुमच्यापाशी?"

"आहे ना! सध्या दुरुस्तीला टाकली."

भीमरावनं चहाचा घोट घेतला.

* * *

तो गेल्यावर रज्जाक मिस्त्रीनं सांडलेले दोन थेंब बोटावर घेऊन हुंगले.

"आधा घासलेट, बाकी खुशबू. इंजिनाले जुलाब हाय हा! नव्या गाडीचं सोडा, पण जुन्या गाडीच्या फटी काजळीनंच बुजल्या असतात. बुढ्याचे दात घासून घासून साफ करसान, तं हातात येतील!"

भीमराव कुणावरही लवकर विश्वास ठेवायचा नाही. मिस्त्रीवरही नाही. म्हणाला, "चाचा, इंजिनं आपोआप साफ झाले तं तुमच्या पोटावर पाय येते, म्हणून बोलून राह्यले!"

"अरे, मी तं म्हणतो टाका!" मिस्त्री म्हणाला. "टाकलं की मायाकडेच येसान!"

* * *

आमचा बन्सी एका कापसाच्या जिनवाल्या शेठची मोटार चालवायचा. शेठनं हौसेनं त्या बुशशर्टवाल्याकडून दोन डबे घेतले, अन् एक पुराच्या पुरा टाकीत ओतायला लावला.

बाजाराच्या दिवशी बन्सीनं गाडी सुरू केली. सायलेन्सरमधून असा धूर निघाला की मिरच्या विकणारी बाई खोकत उठली अन् म्हणाली, "माया मिरच्यांनी इतकं खोकलं नसतं कोणी!"

चार दिवसांनी आम्ही विचारलं, "काय बन्सी, सुधारली का गाडी?"

"खालून तेल गळते," बन्सी म्हणाला, "पण लय स्वच्छ गळते!"

* * *

शेठनं वैतागून दुसरा डबा आमच्याकडे फेकला. आम्ही ठरवलं, आळीपाळीनं सगळ्यांनी वापरून पाहायचा.

भीमरावनं नेला, परत आणला. "दोन झाकणं टाकलं. गाडी हरणावाणी पळते!"

बन्सीनं आपल्या मेहुण्याच्या ट्रकसाठी नेला, परत आणला. "चार झाकणं टाकलं. आवाजच बदलला!"

मिस्त्रीनं डबा उघडला. काठोकाठ भरलेला! दोघंही एकमेकांकडे बघेनात.

"वा रे वा," मिस्त्री म्हणाला, "हरणाले तहान लागलीच नाही!"

मग डबा माझ्याकडे आला. मी तो ओसरीत ठेवला. काशीबाई रोज कुंपणावरून विचारायची, "दादा, टाकलं का औषध?" मी म्हणायचो, "पाहू." मनात मात्र धास्ती. टाकलं अन् वाटेत बंद पडली तर? नाही टाकलं अन् चढावर अडली तर? सुमन अंगणात हळूहळू चालताना दिसली की मला जेवण जायचं नाही.

* * *

एका पहाटे काशीबाईनं हाक मारली. सुमनला कळा आल्या होत्या. मी हँडल मारलं, अन् गाडी पहिल्याच झटक्याला सुरू! एरवी सात पिढ्या उद्धरल्याशिवाय हलायची नाही. मला संशयच आला. पहिला चढ आला, खोकली नाही. दुसरा आला, खोकली नाही. मी कान लावून बसलो होतो, आता फसवते, मग फसवते. मागं सुमन विव्हळत होती, काशीबाई तिचा हात धरून पुटपुटत होती.

यवतमाळचा दवाखाना आला. तासाभरात आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप.

व्हरांड्यात काशीबाई पदरानं डोळे पुसत होती. मीही डोळे पुसले, अन् मग जरा छाती फुगवून म्हणालो, "पाह्यलं न काशीबाई? थेंबभर औषध टाकलं नाही, तरी आणून पोचवलं!"

काशीबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"दादा, काल संध्याकाळी तुम्ही बाजारात गेलते तवा तो डबा मीच ओतला तुमच्या टाकीत. अन् वाटभर चिंतामणी गणपतीले नवस बी बोलली. आता नारळ कोणापुढं फोडू, ते तुम्हीच सांगा!"