गुग्गुळाची फांदी मागायला वरवट बकालला

बाबांचं गुग्गुळाचं झुडूप या हिवाळ्यात गेलं. पानं गळाली म्हणून त्यांनी मायेनं रोज पाणी घातलं आणि वाळवंटातलं ते झाड मुळाशी सडलं. तेव्हापासून ते अंगणात बसेनासे झाले. मला ते बघवेना. त्याच झुडपाची फांदी त्यांनी फार पूर्वी आपले कचेरीतले दोस्त, वरवट बकालचे रहीमचाचा यांना दिली होती. म्हटलं, चला, मागून आणू.

"आधी फोन करा ना," मी म्हटलं.

"फोनवर नाही म्हनला तं?" बाबा म्हणाले.

मे महिन्यातल्या एका सकाळी बुलडाण्याहून एसटीनं निघालो. बाबा ज्येष्ठ नागरिक आणि मी बाई, म्हणून दोघांनाही अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात. बोथा घाटात जंगल आहे, पण या दिवसांत सावली नावालाच. पाणी जवळ ठेवा. शेगावला गाडी बदलताना गरम कचोरी खाल्ली. बाबांनी अर्धी तशीच ठेवली.

"एवढ्या उन्हात काऊन आले बापा?" चाचांनी दारातच विचारलं. बाबा पाणीही न पिता थेट परसात गेले. झुडूप होतं, पण एक पान नाही. नुसते काटे आणि खोडाचे सुटलेले पापुद्रे. बाबांचा चेहरा उतरला.

"काही झालं नाही त्याले," चाचा हसले. "उन्हाळ्यात झोपते ते." त्यांनी नखानं साल खरवडली. आत हिरवंगार, आणि काय तो वास! बाबांनी बोट हुंगलं. डोळे भरून आले त्यांचे, माझेही.

"माह्यंच झाड हाय हे."

"तुह्यं कुठचं? तू देलेलं मेलं, बे. त्याची फांदी मी दुसरबीड गावच्या मेव्हन्याले देली होती, म्हनून वाचलो. त्याच्याकून मांगून आनली."

बाबांनी पुन्हा एकदा बोट हुंगलं.

चाचांनी अंगठ्याएवढ्या जाड दोन फांद्या दिल्या. तुम्हाला लावायच्या असतील तर काप सुकेपर्यंत सावलीत ठेवा, वाळू मिसळलेल्या मातीत लावा आणि माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नका.

माझ्या पिशवीला अजून तो वास आहे. घरी आल्यावर बाबांनी एक फांदी अंगणात लावली आणि दुसरी घेऊन शेजारच्या काकूंकडे निघाले. काकूंनी ती मागितलीही नव्हती.

"दोन्ही आपल्याकडेच लावू ना," मी म्हटलं.

"आन माह्याकून पुन्हा मेलं तं? मांगाले कोनाकडे जाऊ?"

काकूंच्या फांदीला आधी पानं फुटली. बाबा रोज ती बघायला जातात आणि पाणी घालू नका, असं सांगून येतात.