घाट उतरून आलेली सायकल

“जाणार कुठं?”

सायकलच्या दुकानाच्या पायरीशी येऊन कोणी काहीही विचारलं, तरी दुकानदारांचं पहिलं उत्तर हेच. तेही समोरच्या चाकावरची नजर न हलवता. हिला जाड टायर बसतील का? जाणार कुठं? पुढचे शॉकअप बदलून घेऊ का? जाणार कुठं? एकदा आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर नुसता पंप मागायला आले, तर त्यांनाही तेच. “मंडईत,” पोस्टमास्तर म्हणाले. यांनी टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. “मग हाय तेवढी हवा पुरती. येताना कलिंगड आननार आसाल तर भरतो.”

मुलांनो, तुमच्या दोन्ही माउंटन बाइक माझ्या व्हरांड्यात जुन्या चादरीखाली उभ्या आहेत, म्हणून माझं त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं. तुम्ही विमानात बसलात आणि दुसऱ्याच आठवड्यात मी वेळापत्रक आखायला बसले. मला प्रत्येक गोष्टीचा वार ठरवावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुकानात जाऊन विचारलं, “चेनला तेल किती दिवसांनी घालायचं?”

“जाणार कुठं?”

“कुठंच नाही. मुलं परत गेली.”

“आवं बाई, मग तेल कुनाला? चेनला का तुमच्या जिवाला?” मग नजर वर करून जरा मऊ आवाजात म्हणाले, “चादर काडून ठेवा, वारं लागू द्या. आन अदनंमदनं हवा बघा. टायर बसला की भेगाळतोय.”

साताऱ्यात त्यांच्या वडिलांचं सायकली तासावर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. ते भाड्याचे दिवस संपले, आणि डोंगर चढायची हौस असलेली मंडळी जाड टायरच्या सायकली घेऊन येऊ लागली, तसं यांनी दुकान बदललं, जागा तीच. बोलणं ऐसपैस, आवाज चौकापर्यंत जाणारा, आणि स्वतःच्या मतांवर गाढ विश्वास. निळ्या रंगाच्या सायकलीचे ब्रेक जास्त कुरकुरतात, असंही त्यांचं एक मत होतं. त्यांची मुलगी शबाना यावर पोट धरून हसायची. “अब्बा, रंगाचा काय संबंध?” “बघ तू. लाल कवा कुरकुरल्याली ऐकलीस का?”

गिऱ्हाईकंही एकेक नमुने. मेढ्याकडचा एक तरणा गडी डिस्क ब्रेकची सायकल चक्क टेम्पोतून घेऊन आला. सायकलवर चिखल, कपड्यांवर चिखल.

“काय केलंस रं?”

“काय न्हाई. ब्रेक कुईं कुईं करत हुता, म्हणून आईनं दिल्यालं तेल घातलं.”

“कसलं तेल?”

“खोबरेल.”

“डिस्कला?” यांनी विचारलं. “थांबायच्या जागंला तेल? आरं गड्या, मग थांबलास कुठं?”

“भाताच्या खाचरात.”

ते इतके हसले की त्यांना स्टूलवरून उठावं लागलं. पण मग दिवसभर खपून त्यांनी ती चकती पुसली, तेल प्यालेले पॅड बदलले, आणि वर त्याच्या आईला निरोप धाडला, की तेल फक्त डोक्याला.

पाचगणीचा एक शेतकरी विचारत आला, की हँडलवर स्ट्रॉबेरीचा ट्रे बसेल का. पुढं शॉकअप आहेत, तर फळ दबणार नाही. यांनी बराच वेळ दाढी खाजवली. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी पट्ट्या वाकवून ट्रे बसवला, मंडईतून पिकले टोमॅटो आणून त्यात भरले आणि स्वतः सायकलवर टांग टाकली. परत आल्यावर सगळ्यांना ट्रे दाखवत फिरले. “बघा. एकाची बी चटणी न्हाई.”

त्यांच्या दुकानाचा खरा कायदा हाच होता. साधं पंक्चर सोडलं, तर दुरुस्त केलेली किंवा नवे भाग बसवलेली सायकल ते यवतेश्वरचा घाट स्वतः चढून उतरल्याशिवाय मालकाच्या हाती देत नसत. चढताना गिअर कळतात, उतरताना ब्रेक, आणि वळणावर माणूस कळतो, असं म्हणायचे. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्यानं घाई दुसरीकडे न्यावी.

मग एका सकाळी ते घाटातून सायकल हातात धरून चालत आले. वळणावर घेरी आली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानातला दोष आहे, तोल कधीही जाईल. दुचाकी चालवायची नाही. ते तिथून तसेच दुकानात आले आणि नेहमीसारखे कामाला लागले.

फरक आम्हाला आठवड्याभरानं दिसला. तयार सायकली भिंतीला ओळीनं उभ्या राहू लागल्या. ओळ पायरीपर्यंत आली, मग फुटपाथवर. गिऱ्हाईकं यायची, सायकल चकाचक दिसायची, आणि हे म्हणायचे, “आजून झाली न्हाई.” दोघं-तिघं चिडून तशीच घेऊन गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

त्यांच्या पत्नी वैतागल्या. “चालवली म्हणा की. कोण बघाय येतंय?”

“उतारावर कळंल की गिऱ्हाइकाला,” ते म्हणाले.

शबाना तेव्हा शिरवळच्या कारखान्यात नोकरी करायची. लहानपणापासून बापाच्या दुकानात वाढलेली, घाटात त्याच्या मागोमाग सायकल चालवत मोठी झालेली. सुट्टीच्या दिवशी आली, ओळ पाहिली आणि म्हणाली, “मी नेते एकेक. नोकरी सोडून इथंच येते म्हटलं तरी माझी तयारी आहे.”

“तू चालवशील गं. पण मला कसं कळंल?”

“मी सांगीन ना!”

“दुसऱ्याच्या सांगन्यावर मी कवा सायकल दिल्ये?”

तिचा चेहरा मी पाहिला. दुकान बंद पडेल की चालेल, हे आता तिच्या पायांवर नव्हतं, त्यांच्या मनावर होतं.

तोड काढली त्यांच्या पत्नींनी. पुढच्या सुट्टीला सकाळी मी घाटात फिरायला गेले होते आणि एका वळणाच्या कठड्यावर टेकले होते, तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला. पुढं शबाना सायकलवर. मागं स्कूटीवर त्यांच्या पत्नी, आणि पत्नींच्या मागं हे, मान लांब करून ओरडत: “ब्रेक! आता ब्रेक! पुढचा न्हाई, मागचा! दाब की!”

“कानात ओरडू नका,” पत्नी म्हणाल्या. “न्हायतर मीच ब्रेक दाबंन हां!”

शबानानं ब्रेक दाबलाच नाही. वळण सफाईनं घेतलं, माझ्यासमोरून पुढं गेली आणि मग थांबली. स्कूटी करकचून थांबली. हे उतरले, रागानं लाल.

“का न्हाई दाबलास? मी बोंबलतोय तरी?”

“खडी होती, अब्बा. तिथं दाबला असता तर घसरून तुमच्याच चाकाखाली आले असते. आधीच वेग कमी केला होता.”

ते वळणावर परत चालत गेले. एक हात कठड्यावर. चपलेनं रस्ता घासून पाहिला. बारीक खडी खरखरली. बराच वेळ ते तिथं पायानं खडी इकडून तिकडं करत राहिले. मग माझ्याकडं बघून उगाच म्हणाले, “बाई, ऊन वाढलं. घरी जावा.” आणि स्कूटीवर बसले. खाली जाईपर्यंत त्यांचा आवाज आला नाही.

शबानानं नोकरी सोडली. तिनं घाट उतरवलेली एकेक सायकल मालकाकडे गेली, आणि फुटपाथवरची ओळ सरली. तुमच्या सायकलीही तिनं घाटात नेऊन आणल्या. मी सांगितलं नव्हतं तरी.

परवा सकाळी मी घाटाच्या पायथ्याशी चहाच्या गाडीवर त्यांना पाहिलं. गाडीवाल्याशी चहातल्या आल्यावरून वाद चालला होता. आलं ठेचायचं की किसायचं, यावर त्यांचं ठाम मत होतं, आणि ते चुकीचंही असावं. ते बोलत असतानाच वरून टायरांची घरघर आली, जवळ आली आणि आमच्या पाठीमागून सुसाट निघून गेली.

मी वळून पाहिलं, शबाना होती. ते रस्त्याकडं पाठ करून चहा फुंकत होते.