टाकीच्या तोंडाला काडेचिराईत

दादानं जुनी पिकअप घेतली ती कापूस वाहण्यासाठी. आपला कापूस आर्णीच्या खरेदी केंद्रावर न्यायचा, जमलं तर शेजाऱ्यांचाही न्यायचा, असा त्याचा बेत होता. नेणं सोपं होतं, मोजून परतणं अवघड. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिघडलं होतं. केंद्राची गोदामं भरलेली, काटा कधी चालू तर कधी बंद. गाड्यांची रांग फाटकापासून निघायची ती थेट हमरस्त्याला लागायची. एकदा गाडी लावली की किती दिवसांनी नंबर येईल हे कुणालाच सांगता यायचं नाही. पेपरात कापसाविषयी एक बरी बातमी नसायची, म्हणून रांगेतली माणसं पेपर वाचायचीच नाहीत, भाकरीखाली अंथरायची.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. दुपारच्या एसटीनं वहिनी आणि मी दादाचा डबा घेऊन रांगेत जायचो आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी परतायचो. वहिनी दारव्ह्याच्या नोकरदार घरातली. तिचे वडील कचेरीत होते, भाऊ कचेरीत होते. लग्न होऊन शेतीच्या घरात आली तेव्हा हिचं इथं कसं जमेल, अशी आईला काळजी होती. वहिनी कमी बोलायची. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे, त्यामुळे ती चेष्टा करते आहे की खरं सांगते आहे हे मला सुद्धा ओळखू यायला बरेच महिने लागले.

एका दुपारी आम्ही पोचलो तर रांग पुढे सरकत होती आणि आमची पिकअप जागची हलत नव्हती. दादा स्टार्टर मारून मारून थकला होता. शेवटी मागच्यापुढच्या लोकांनी ढकलली. मिस्त्रीनं पाहिलं आणि डिझेल संपून गाडीनं एअर पकडली, पाइपात हवा शिरली म्हणाला. दादाला ते पटेना. दोनच दिवसांपूर्वी त्यानं टाकी भरली होती आणि तेव्हापासून गाडी उभीच होती. उभी गाडी डिझेल पिते कशी, यावर रांगेत बरीच चर्चा झाली. मग मागच्या मेटॅडोरवाल्यानं सांगितलं की त्याचंही उतरलं आहे, आणि त्याच्या मागच्याचंही. कुणीतरी नळी टाकून ओढून नेत होतं.

तेव्हा काकाजी आले. काकाजी म्हणजे आमच्या रांगेचे पुढारी. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, भरदार आवाज. त्यांचा ट्रॅक्टर आमच्या पुढे काही गाड्यांवर उभा होता. कुणी मध्ये घुसलं, कुणाचा बैल कुणाच्या कापसाला लागला, की न्याय काकाजी करायचे. न्यायही चोख असायचा. त्यामुळे रोज कुणाच्या ना कुणाच्या डब्यातून त्यांचं जेवण व्हायचं. त्यांनी आमच्या टाकीचं झाकण काढून आत नाक घातलं आणि दादाला सांगितलं की झाकण ढिलं आहे, धूळ जाईल, चोरही सोकावेल, तोंडात घट्ट फडकं कोंबून वर झाकण लाव.

दादानं आपली जुनी लुंगी फाडून बोळा कोंबला. दोनेक दिवसांत गाडी ठसकायला लागली. मिस्त्रीनं फिल्टर उघडला तर आतून लुंगीचे दोरे आणि कापसाचा भुगा असं एकत्र निघालं, देवापुढच्या वातीसारखं. आणि डिझेल तर गेलंच होतं. वहिनीनं तेव्हा एक गोष्ट पाहिली. दादानं फडकं बोळा करून कोंबलं होतं, आता निघालं ते व्यवस्थित घडी घातलेलं होतं. चोर नीटनेटका होता.

काकाजींनी हळहळ व्यक्त केली आणि कुलपाचं झाकण बसवायला सांगितलं. दादानं आर्णीतून ते आणलं आणि किल्ली करदोऱ्याला बांधली. वहिनीनं केसातली पिन काढून कुलूप उघडून दाखवलं. दादा तिच्यावरच चिडला. त्या आठवड्यात डिझेलचा काटा पुन्हा खाली आला आणि कुलूप मात्र शाबूत होतं.

मग वहिनी रांगेतल्या दुपारी पाहू लागली. रांगेत मधूनच एक आरोळी उठायची, "ग्रेडर आला." ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा साहेब. तो आला की काटा सुरू. आरोळी ऐकली की सगळे ताटावरून उठून मूठभर कापूस घेऊन फाटकाकडे पळायचे. बहुतेक वेळा तिथं कुणीच नसायचं. लोक शिव्या घालत परत यायचे. वहिनीच्या ध्यानात आलं की खोटी आरोळी उठली त्याच दिवशी डिझेल उतरतं. आरोळी पहिल्यांदा कोण देतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण पळत कोण नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकाजींचे गुडघे दुखायचे. ते म्हणायचे, तुम्ही जा, मी गाड्यांकडे पाहतो. आणि त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉली सोडून रोज संध्याकाळी गावाकडे जायचा, सकाळी परत यायचा. पंपावर तो उभा असलेला कुणी पाहिला नव्हता.

हे मी दादाला सांगितलं तर तो लालच झाला. "काकाजीवर डाऊट घेतं तू? अख्खी लाईन त्याईच्या भरवशावर उभी हाये."

त्यानंतर वहिनी त्याच्याशी या विषयावर बोललीच नाही. घरी आल्यावर तिनं काडेचिराईत, कडुलिंबाचा पाला आणि थोडी गुळवेल पातेल्यात टाकून उकळायला ठेवली. आई म्हणाली, कुणाला ताप आहे. वहिनी म्हणाली, येईल.

पंक्चरवाल्याकडून तिनं स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा आणला होता. त्याचं एक टोक त्यानं गरम ठिगळ लावून पक्कं बंद करून दिलं होतं. वहिनीनं तो पाण्यानं भरून रात्रभर बादलीच्या वर टांगून ठेवला. एक थेंब गळला नाही. आपल्याच टाकीत पाणी गेलं तर दादाचं इंजिन बसेल, ही धास्ती तिलाही होती. दुसऱ्या दिवशी दादा हातपाय धुवायला हापशीवर गेला तेव्हा तिनं पिनेनं झाकण उघडलं, ट्यूब टाकीच्या तोंडातून आत सोडली, वरची कड पिशवीसारखी बाहेर दुमडली, त्यात तो काळा काढा ओतला आणि झाकण लावलं. आता कुणी नळी घातली तर ती डिझेलपर्यंत पोचणारच नव्हती.

त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी काढा बदलत राहिली, जास्त घट्ट करत राहिली. मग एका दुपारी लोक जेवायला बसले असतानाच मागून आरोळी आली. दादा हातातला घास टाकून पळाला. आम्ही दोघी पळाल्यासारखं करून शेजारच्या बैलबंडीच्या आड बसलो.

काकाजी आले. गुडघे अगदी ठणठणीत होते. दुपट्ट्याखालून त्यांनी गुंडाळलेली रबरी नळी काढली, कंबरेच्या जुडग्यातली एक किल्ली फिरवून झाकण उघडलं, नळी आत सोडली, पायाशी कॅन ठेवला आणि उकिडवे बसून एक जोरदार दम मारला.

मी आजवर पुष्कळ चेहरे पाहिले, पण तसा नाही. गाल फुगलेले, डोळे मोठे झालेले. थुंकायला त्यांनी मान वळवली तर समोर वहिनी उभी.

"काय झालं, काकाजी?" तिनं विचारलं.

फाटकाकडून लोक परतत होते. काकाजींनी ते सगळं गिळलं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली मला स्पष्ट दिसली. मग ते उठले, धोतर झटकलं आणि जमलेल्या लोकांपुढे, डोळ्यांत पाणी असताना, भारदस्तपणे म्हणाले, "सूनबाई, तुमच्या डिझेलात भेसळ हाये."

त्यांनी पुढे सांगितलं ते असं, की त्यांना बऱ्याच दिवसांपासून संशय होता. लोकांच्या गाड्या बिघडताहेत, म्हणून ते गुपचूप एकेक टाकी तपासत होते. कुणाला उगाच घोर लागू नये म्हणून बोलले नव्हते. लोकांनी माना डोलावल्या. दादा तर इतका भारावला की त्यानं वाकून त्यांचे पाय धरले. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून बंडीच्या चाकामागे बसले होते.

वहिनी मात्र हात जोडून उभी होती. "काकाजी, एका गाडीवरून कसं समजन? आता सगळ्याइच्याच टाक्या तपासून द्या. तुमच्यासारखी जीभ कोणाले हाये इथं?"

रांगेला हे फारच पटलं. मेटॅडोरवाल्यानं आधी स्वतःची टाकी उघडली. काकाजींना नाही म्हणता येईना. प्रत्येक टाकीत नळी बुडवायची, तिचं टोक जिभेला लावायचं, थुंकायचं आणि निकाल द्यायचा. त्यांनी सगळ्यांचं डिझेल शुद्ध ठरवलं, कारण अशुद्ध म्हटलं असतं तर लोक त्यांना पुढे घालून पंपावर घेऊन गेले असते. ऊन उतरेपर्यंत ते एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जात होते. संध्याकाळी कुणीतरी कौतुकानं चहा दिला, तर साखर घातली आहे का, असं त्यांनी विचारलं.

त्यानंतर खोटी आरोळी उठली नाही. ट्रॅक्टर संध्याकाळी गावाला जाईनासा झाला. एकदा एसटीच्या खिडकीतून वहिनीनं मला कोपरानं ढोसलं. काकाजी कॅन घेऊन पंपावर उभे होते.

आमचा नंबर आला. प्रत अपेक्षेपेक्षा खालची लागली, दादा पुटपुटला, पण कापूस मोजला गेला यातच सगळं आलं. दादा पावती घ्यायला गेला तेव्हा काकाजी पिकअपच्या खिडकीशी आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "काडेचिराईत होतं काय?"

"हो," वहिनी म्हणाली. "आन कडुलिंब."

"गुळवेल बी असन."

"हाये थोडी."

त्यांनी मान हलवली. "पोट साफ झालं," म्हणाले आणि गेले.

परतताना दादानं गाडी पंपावर घेतली. पंपावरचा माणूस नळी घेऊन आला, तसं वहिनीनं त्याला थांबवलं, खाली उतरली आणि टाकीच्या तोंडातून ती काळी ट्यूब अलगद बाहेर ओढली. दादा बघतच राहिला. तिनं सगळं सांगितलं, तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी त्यानं ट्यूबमध्ये बोट बुडवून चाटलं. मग गाडी सुरू केली. गावाच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन जो हसायला लागला तो आम्हाला आवरेना.

पुढच्या हंगामात पुन्हा तीच रांग लागली आणि पुढारी पुन्हा काकाजीच झाले. दुसरं कुणी तेवढं चांगलं भांडण सोडवत नव्हतं. दादानंच त्यांना आमच्या डब्याशी बोलावलं. वहिनीनं भाकरीवर वांग्याची भाजी वाढली. काकाजींनी भाकरी नाकापाशी नेऊन वास घेतला, वहिनीकडे पाहिलं, आणि मग जेवायला सुरुवात केली.