बूट घालून गायचा ब्लूज

पंचवटीत एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं ते आपलं समाधान. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या, आणि खाली गिरणी चालू झाली की माइक बंद. दुपारी एक ते चार गिरणीवाला जेवून झोपायचा, तेवढाच आमचा वेळ. देवीची गाणी, आरत्या, अहिराणी लग्नगीतं, निवडणुकीत रिक्षावरून वाजवायच्या जाहिराती, सगळं त्या तीन तासांत कोंबायचो. दारात देवीचा फोटो होता आणि फोटोखाली चपलांची रांग. पायात काही घालून आत यायचं नाही, हा नियम मीच केलेला आणि त्याचा मला भलता अभिमान.

कॅसेटी मागे पडून मी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, त्या सुमारास एक काका गिटार घेऊन जिना चढून आले. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी काढलेले. तरुणपणी चर्चमध्ये गिटार शिकले, मग कुणीतरी परदेशातून आणलेल्या रेकॉर्डी ऐकल्या आणि ब्लूजनं त्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. तारांवरून फिरवायची स्टीलची नळीसुद्धा त्यांनी स्वतः लेथवर कातलेली.

"आवाज आहे तोवर एकदा नीट करून ठेवायचंय, भाऊ," ते म्हणाले. "आठ गाणी आहेत. सगळी माझीच."

म्हातारी माणसं असं बोलतातच, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही. ब्लूज म्हणजे काय, हेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी समजावलं: अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, कारण दुखणं एकदा सांगून कुणाला पटत नाही. तिसऱ्या ओळीत काय ते सांगून मोकळं व्हायचं. मग तिथंच उभ्या उभ्या गाऊन दाखवलं:

भोंगा वाजला, पण पाय उचलत नाही
भोंगा वाजला गं, पण पाय उचलत नाही
डबा तू भरून दिलास, मलाच भूक नाही

आवाज चिरका, पण मी हातातली वायर तशीच धरून शेवटपर्यंत ऐकत राहिलो. आमच्या आरत्यांना तसं कधी झालं नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी ते कारखान्यातले जाड टाचेचे बूट घालून आले, पॉलिश केलेले. "हे घालून बसलो तर चालेल का? ठेका टाचेनंच धरतो मी. दुसरं वाजवणारं कोणी नाही माझ्याकडे."

मी बोट वर करून देवीचा फोटो दाखवला. त्यांनी फोटोला हात जोडले आणि पायरीवर बसून नाड्या सोडल्या. गुडघे दुखत असावेत, बराच वेळ लागला. बूट त्यांनी चपलांच्या रांगेत नीट जोडीनं ठेवले.

अनवाणी बसले तरी टाच फरशीवर पडायचीच. माझ्या हेडफोनमध्ये धप, धप. भर गाण्यात मी त्यांना थांबवलं, सतरंजीची चौघडी केली आणि पायाखाली सरकवली.

"माइकमध्ये येतंय," मी म्हणालो.

"येऊ द्या ना. त्याशिवाय गाणं उभं राहत नाही."

"काका, रेकॉर्डिंगचं आमच्यावर सोडा."

हे वाक्य आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

आठ गाणी दोन दुपारींत उरकली. सीडी तयार झाल्यावर त्यांनी ऐकली, पूर्ण ऐकली, आणि म्हणाले, "स्वच्छ झालंय हो." मला ती शाबासकी वाटली. पुढच्या चार गिऱ्हाइकांना मी ती ऐकवलीही.

नवरात्राच्या तोंडावर ते परत आले. पिशवीत बूट. "एकदा परत करू या का? सगळं तेच, फक्त हे घालून." आवाज बसलेला होता. मला तो ऐकू आला, ऐकणं हाच माझा धंदा, पण म्हटलं सर्दी असेल. माझ्याकडे देवीच्या गाण्यांची रांग लागलेली. म्हणालो, "दसरा होऊ द्या, काका."

दसरा झाला, दिवाळी झाली. काका आले नाहीत. भाजीबाजारात काकू, त्यांची बायको, भेटल्या. एकदा काकांसाठी डबा घेऊन स्टुडिओत आल्या होत्या, म्हणून ओळख. "घशाचं ऑपरेशन झालं रे," त्या म्हणाल्या. "जीव वाचला. आवाज गेला."

रविवारी त्यांच्या घरी गेलो. जिन्यातच त्यांचं गाणं ऐकू आलं, आणि त्याखाली ठेका. ठक, ठक. काका खुर्चीत बसले होते, गळ्याला पांढरी पट्टी, पायात बूट. सीडी गात होती आणि ते टाच आपटत होते. मला बघूनही थांबले नाहीत.

"रोजचं आहे," काकू म्हणाल्या. "जेवण झालं की सीडी लावतात आणि बूट चढवतात. त्याशिवाय गाणं पुरं होत नाही म्हणे."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. गाणं संपल्यावर कसंबसं म्हणालो, "काका, ती गाणी माझ्या कॉम्प्युटरवर तशीच आहेत. त्यांच्यावर नुसता ठेका घेता येतो. उद्या दुपारी या. बूट घालून."

त्यांनी शेजारची पाटी ओढली आणि लिहिलं, 'आणि देवी?'

"देवीचं मी बघतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला ते आले. फोटोखाली पोचताच सवयीनं पायरीवर बसले आणि नाडीला हात घातला. मी धावत जाऊन तो हात धरला. एक नाडी तोवर सुटली होती. मी खाली बसलो, ती घट्ट बांधली आणि म्हणालो, "असेच आत चला."

खाली गिरणी बंद झाली. मी सतरंजी उचलून बाहेर चपलांच्या रांगेत ठेवली आणि माइक त्यांच्या टाचेजवळ नेला.