कपाच्या तळाशी अंगठा

भट्टीमास्तरांच्या घरात कामाची वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात झाली आणि पुढची एकतीस वर्षं तिच्यात काडीचा फरक पडला नाही. चाकावर भांडं घडवायचं मास्तरांनी, भट्टी लावायची मास्तरांनी आणि या दोन्हींच्या मधे भांड्यांना ग्लेझ लावायचं काकूंनी. ग्लेझ म्हणजे भांड्यावरची काचेसारखी झिलई. बादलीत असते तेव्हा ती भिंतीला द्यायच्या चुन्यासारखी दिसते, आणि तिच्यासाठी लोक दोन-दोन महिने थांबतात यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही.

मास्तर आल्यागेल्याला सांगत, की घडवतो मी, भाजतो मी, ही नुसती बादली ढवळते. काकू ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, की अगदी खरं आहे, लोक येतात ते मातीचा करडा रंग बघायलाच.

घरामागच्या गाडी ठेवायच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. गाडी त्यांनी कधी घेतलीच नाही, त्यामुळे खोलीची तक्रार नव्हती. एका कोपऱ्यात कपाटाएवढी गॅसची भट्टी, खिडकीपाशी चाक आणि भिंतीला लागून काकूंच्या अकरा बादल्या. प्रत्येक बादलीवर चिठ्ठी. एकीवर ‘हिरवा, नेहमीचा’, दुसरीवर ‘हिरवा, चुकलेला’, तिसरीवर ‘चुकलेला पण बरा’. शनिवार-रविवारी शिकायला येणारी मंडळी या चिठ्ठ्या वाचून हसत आणि मग हटकून ‘चुकलेला पण बरा’च मागत.

पण नाव होतं ते नेहमीच्या हिरव्याचं. तळ्याच्या काठाजवळचं पाणी जिथे एकदम खोल होतं, तिथे जो रंग दिसतो, तो. त्यात कोपऱ्यावरच्या बेकरीची राख असे. काकू ती चाळून, धुऊन, पुन्हा चाळून घेत. बाकी काय किती घालतात, ते त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. मास्तरांनी एकदा विचारलं, तर म्हणाल्या की भाजी करताना तरी मी कुठे लिहिते.

ग्लेझ दाट झालं की पातळ, हे ओळखायचीही त्यांची एक रीत होती. कोपरापर्यंत हात घालून बादली तळापासून ढवळायची, मग हात बाहेर काढून नखांकडे बघायचं. थराखालून नखांच्या कडा दिसल्या तर ठीक. नखं दिसेनाशी झाली तर दाट, घाला पाणी. मास्तर शिकणाऱ्यांना हेच शिकवत आणि वर दटावत, की ग्लेझ जाड बसलं तर भट्टीत वितळून ओघळतं, भांडं खालच्या मातीच्या फळीला चिकटतं, आणि फळी माझी असते.

मग काकूंची पाठ दुखू लागली. पाठीचं निमित्त होऊन तपासण्या झाल्या, आणि तपासण्यांत जे निघालं त्याच्यापुढे पाठ अगदीच किरकोळ होती. चार महिन्यांत त्यांना उठून बसायलाही उशांचा आधार लागू लागला. एके सकाळी त्यांनी मास्तरांकडे माती मागितली.

मास्तर चकित झाले. एकतीस वर्षांत या बाईने एक भांडं घडवलं नव्हतं. ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी मातीचा गोळा आणून दिला, मांडीवर पाट ठेवला आणि शेजारी खुर्ची टाकून परीक्षकासारखे बसले. काकूंनी अकरा दिवसांत सहा कप केले. चाक नाही, काही नाही. गोळ्यात अंगठा खुपसायचा आणि चिमटीने भिंत वर ओढत न्यायची. दमल्या की कप ओल्या फडक्याखाली जाई आणि काकू डोळे मिटून घेत.

दुसऱ्या कपाच्या वेळी मास्तरांना राहवलं नाही. “एका बाजूला भिंत जाड झालीय,” ते म्हणाले.

“असू दे,” काकू म्हणाल्या. “जाड बाजू तुमच्याकडे करून धरा.”

प्रत्येक कप झाला की त्या आत तळाशी अंगठा दाबत. ठसा असा स्वच्छ उठे की रेषा मोजता याव्यात. फुटलेल्या बशीने कधीकाळी कापलेल्या जागेचा आडवा व्रणसुद्धा उमटे. हे कशासाठी, असं मास्तरांनी विचारलं.

“चहा संपला की मी दिसेन,” काकू म्हणाल्या. “निदान अर्धा कप टाकून उठायची तुमची सवय तरी जाईल.”

कप वाळले. त्यांची पहिली भाजणी झाली तेव्हा काकू नव्हत्या.

पहिल्या भाजणीनंतर भांडं घट्ट होतं, पण पाणी पितं. त्यात चहा ओतला तर हळूहळू बाहेर घाम फुटतो. ग्लेझ लावून पुन्हा भाजलं, की मगच ते भांडं. सहा कप वर्षभर तसेच कोरे फळीवर बसून राहिले. मास्तर इतर भांडी करत होते, ‘चुकलेला पण बरा’ वापरत होते, शिकवत होते. नेहमीच्या हिरव्याच्या बादलीला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. बेकरीवाल्याने मधल्या काळात विजेची भट्टी घेतली होती, त्यामुळे राख बंद. जेवढं बादलीत होतं, तेवढंच.

त्यांची लेक दातांची डॉक्टर. मास्तर म्हणत, की चिनीमातीचे दात बसवते म्हणजे तीही भट्टीवालीच, फक्त तिची भांडी दाताएवढी. ती दर रविवारी येई आणि कपांकडे बघून एकच सांगे, की बाबा, हे असेच राहू द्या. ठसे आहेत, आईचे आहेत, अजून काय पाहिजे. मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. ज्यात चहा राहत नाही तो कप कसला, आणि तिने कप केलेत, शोभेच्या वस्तू नाहीत. तिचे कप, त्यावर तिचंच ग्लेझ, आणि चहा संपल्यावर तळाशी ती. याखेरीज त्यांना जगाकडून काही नको होतं. लेकीने दोन-तीन महिने वाद घातला, मग सोडून दिला. बापाचा हट्ट तिला दाढेसारखा उपटता येत नव्हता.

वर्षश्राद्ध वगैरे काही मास्तरांनी केलं नव्हतं. एका मंगळवारी सकाळी त्यांनी बादलीचं झाकण उघडलं, एवढंच.

वर्षभरात आतलं बरंचसं पाणी उडून गेलं होतं. मास्तरांनी काकूंसारखाच कोपरापर्यंत हात घातला, तळाशी बसलेला थर सोडवला, अर्धा तास ढवळलं. मग हात बाहेर काढून बघितला. नखं नव्हती. बोटंसुद्धा हातमोजा घातल्यासारखी दिसत होती.

उपाय शेंबड्या पोरालाही कळेल असा होता. मास्तर नळावर गेले, तांब्याभर पाणी घेऊन आले आणि बादलीवर तांब्या धरून उभे राहिले. हे ग्लेझ तिने स्वतःच्या हाताने केलेलं शेवटचं. त्यात आता आपण नळाचं पाणी ओतायचं? हात पुढे जाईना. दोनदा तांब्या खाली ठेवला, दोनदा उचलला. शेवटी त्यांनी ते पाणी खिडकीतल्या कुंडीला घातलं, आणि भट्टीचा माणूस स्वतःची समजूत घालताना जे म्हणतो ते म्हणाले, की आच सांभाळून घेईल.

सहा कप त्यांनी एकेक करून बुडवले, झटकले, बुडं ओल्या स्पंजने दोनदा पुसली. आत बघायचं त्यांनी टाळलं. शिकणाऱ्यांपैकी कोणी असा जाड थर चढवून आणला असता, तर त्याला त्यांनी तो खरवडून पुन्हा लावायला लावलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भट्टी पेटली. सहाही कप एकाच फळीवर, मधोमध. भट्टीत भांड्यांबरोबर बोटभर मातीचे सुळके ठेवतात. ठरलेली आच झाली की ते वाकतात, आणि दारातल्या भोकातून ते बघायचं असतं. दुपारी चारला पहिला सुळका मान टाकू लागला. इथे थांबलं असतं तर ग्लेझ फार ओघळलं नसतं, पण तो हिरवाही आला नसता. शेवाळलेल्या भिंतीसारखा काहीतरी निस्तेज रंग आला असता. मास्तरांनी डोळ्यांवर काळी काच धरली, भोकातून बघितलं, गॅसच्या चावीवर हात ठेवला. बंद केला नाही. साडेपाचला शेवटचा सुळका वाकला, तेव्हाच त्यांनी आच बंद केली.

भट्टी निवायला दीड दिवस लागतो. या दीड दिवसात मास्तरांनी चाक धुतलं, खोली दोनदा झाडली आणि लेकीचा फोन घेतला नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दार उघडलं. पहिल्यांदा दिसला तो रंग. एकतीस वर्षांत नेहमीचा हिरवा असा कधी आला नव्हता. थर जाड असला की रंग खोल होतो. कपांच्या काठांवर तो मधासारखा पातळ होता आणि खाली उतरता उतरता इतका गहिरा, की मास्तरांच्या तोंडून नकळत “अगं, बघ” निघून गेलं. मग त्यांनी एका कपाला हात घातला. कप हलला नाही. दुसरा हलला नाही. सहाही कपांच्या बुडाशी हिरवी काच जमली होती आणि त्या काचेने त्यांना फळीशी एकजीव करून टाकलं होतं. मास्तरांनी अख्खी फळीच बाहेर काढून टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि कपांत डोकावले. प्रत्येकाच्या तळाशी काचेचं एक गुळगुळीत, सुंदर डबकं होतं.

लेक रविवारी आली. सहा कप अंगावर घेऊन बसलेली ती फळी तिने बघितली आणि पर्स न उतरवताच खुर्चीवर बसली. सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. छिन्नीने सुटतील का, एवढंच तिने विचारलं. मास्तर म्हणाले, पाच फुटतील.

“आणि सहावा?”

“तोही फुटेल. पण तोपर्यंत मला सवय झालेली असेल.”

ती हसली नाही. तिने उजव्या हाताचा अंगठा पहिल्या कपात घातला आणि तळावर सावकाश फिरवला. दातांवरचा केसाएवढा चरा जिच्या बोटाला कळतो, तिचा अंगठा होता तो. मग दुसरा कप, तिसरा. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. सहाव्या कपात अंगठा बराच वेळ राहिला.

“बुजलंय, बाबा,” ती म्हणाली. “सगळ्यांत.”

मास्तरांनी मान हलवली. “मला बादलीपाशीच कळलं होतं. नखं दिसत नव्हती. पाणी आणलं होतं गं मी. तिच्या रंगात घालवेना.”

“आई दर आठवड्याला घालायची पाणी.”

“तिची बादली होती,” मास्तर म्हणाले.

यावर लेक उठली. तिने पर्स खाली ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. भट्टीतली बारीक धूळ अजून कपांवर तशीच होती. मास्तरांनी फडकं ओलं केलं, पिळलं आणि पहिल्या कपाचा काठ पुसायला घेतला. कप हातात घेऊन फिरवता येत नव्हता, म्हणून मग तेच टेबलाभोवती फिरत राहिले.