कोरड्या विहिरीत टँकर
डिझेलचा आणि ओल्या मातीचा वास एकत्र आला की आजही मला बसवत नाही. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, दुष्काळ होता आणि मी एका गावचा नवखा ग्रामसेवक. टँकरपुढे घागरींवरून भांडणं पेटली, तसा मी ड्रायव्हरला हुकूम सोडला, "सगळं पाणी विहिरीत सोडा, ज्यानं त्यानं शेंदून घ्यावं." कुणीतरी म्हणालं, "साहेब, तळाला भेगा हायेत." मी ऐकलं नाही. पोहरे खाली जाईपर्यंत पाणी मुरून गेलं. एक म्हातारी रिकामा पोहरा वर ओढत म्हणाली, "तहान आमाला लागली व्हती साहेब, विहिरीला न्हाई." कित्येक वर्षं मी त्याला चुकलेला न्याय म्हणत आलो, खरं तर मला फक्त ती भांडणं ऐकवत नव्हती. काल सोसायटीच्या बैठकीत आवाज चढले, आणि मी पुन्हा घाईघाईनं निर्णय देऊन मोकळा झालो.